दवाखाना खासगी होऊन राहिला

कुणाच्या ऑफिसात फाइली साचतात, आमच्या दवाखान्यात किस्से साचतात. फाइल निदान कधीतरी वर जाते. किस्सा जागेवरच राहतो. दुपारी ओपीडी संपली, डबे उघडले की कुणीतरी एखादा काढतो, आणि मग दुसऱ्याला तिसरा आठवतो.

मी स्टाफ नर्स. हिंगोली जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. गावाचं नाव सांगत नाही, उगाच आमच्या सरांना ताप. तीस खाटा, एक लेबर रूम, डॉक्टरांच्या मंजूर जागा तीन आणि डॉक्टर एक. मला इथं बावीस वर्षं झाली. जवळा बाजारचं माझं माहेर, तिथं गेलं तरी लोक मला नावानं हाक मारत नाहीत, सिस्टरच म्हणतात. एवढी मुरले मी या नोकरीत!

गेली दोन वर्षं आमच्याकडं एकच विषय आहे. दवाखाना एका खासगी संस्थेला चालवायला देणार. कागदावर त्याला भागीदारी म्हणतात. बिल्डिंग सरकारची, आजारी माणसं आमची आणि चालवणार संस्था. आधी म्हणाले दिवाळीनंतर. मग म्हणाले मार्चनंतर. मग कुठली तरी निवडणूक लागली. रोज किमान दोघं तरी मला विचारतात, “सिस्टर, दवाखाना खासगी होऊन राहिला म्हणते, खरं हाये का?”

उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. थकले. किस्से विचारा, ते सांगते.

*

पतंगे भाऊ म्हणजे आमचे फार्मासिस्ट. खिडकीतून गोळ्या देतात आणि गोळ्यांबरोबर भाषण देतात. खासगीकरणाची बातमी पेपरात आली त्या दिवशी त्यांनी कात्रण खिडकीच्या काचेला आतून चिकटवलं आणि रांगेतल्या प्रत्येकाला समजावून सांगायला लागले.

“आज केसपेपर फुकट हाये ना? उद्या पावती फाडावी लागंल! आज गोळी फुकट हाये ना? उद्या समोरच्या मेडिकलला पाठवतील! तपासणी, सलाईन, डिलिव्हरी, सगळ्याचा रेट लागंल! जागे व्हा लोकहो!”

रांग व्हरांड्याच्या बाहेर गेली. लोक जागेच होते, उन्हात उभे होते.

सगळ्यात पुढं साखऱ्याचे ग्यानबा मामा. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी सगळं भाषण नीट ऐकून घेतलं.

“झालं का भाऊ?”

“झालं. पटलं का मामा?”

“पटलं ना. बराबर हाये तुमचं.” मामांनी डॉक्टरांच्या खोलीकडं मान वळवली. एक वाजून गेला होता. खुर्ची रिकामी, वर पंखा तेवढा फिरून राहिला. “पण मला येक सांगा. खासगी झाल्यावर डॉक्टर दुपारच्यालाबी ऱ्हाईल का?”

आता आमचा डॉक्टर वाईट नाही हो. पण तो एकटा. सकाळची ओपीडी त्याची, पोस्टमॉर्टेम त्याचं, कोर्टाची साक्ष त्याची, मीटिंगही त्याचीच. हे सगळं रांगेत उभ्या माणसाला कसं सांगणार?

पतंगे भाऊंनी खाली बघून पाकीट भरलं आणि पुढं सरकवलं. “सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवल्यावर.”

“ते ठाव हाये,” मामा म्हणाले. “डॉक्टरचं सांगा.”

*

तसं बघितलं तर सफाई आमच्याकडं कधीच खासगी झाली. आम्हाला कळलंसुद्धा नाही, कारण झाडणारी तीच राहिली.

गयाबाई. माझ्या आधीपासून इथं आहे म्हटलं तरी चालेल. ठेकेदार येतात, जातात. नवा ठेकेदार आला की गयाबाईच्या अंगावर नवा कोट येतो. एकदा निळा होता, मग हिरवा, मग विटकरी. खिशावर प्रत्येक एजन्सीचं वेगळं चित्र. झाडू मात्र तोच. पगार कुणाकडून येतो ते तिला माहीत नाही. येत नाही तेव्हाही कुणाकडून येत नाही ते माहीत नाही.

एकदा वरून तपासणी आली. तपासणीच्या साहेबांना वॉर्ड एकदम चकचकीत दिसला. खुश झाले. म्हणाले, “वा! बघा, एजन्सीकडं दिलं की कशी शिस्त येते.” आणि गयाबाईला बोलावून विचारलं, “बाई, तुम्ही कोणत्या एजन्सीच्या?”

गयाबाईनं पदर बाजूला केला. मान खाली घालून स्वतःच्या खिशाकडं निरखून बघितलं.

“सध्या मोर हाये, सायेब.”

*

मग सर्व्हे आला. एक पोरगा, एक पोरगी, दोघंही पुण्याकडचे. गळ्यात कार्ड, हातात टॅब. स्वभावानं गोड. मला म्हणाले, “मॅम, आम्ही फक्त पेशंटचा एक्सपिरियन्स मोजणार. संस्थेला हँडओव्हर करायच्या आधीची बेसलाइन.”

मी म्हटलं, मोजा बाबा. चहा घेणार का?

प्रसूतीच्या वॉर्डात त्या दिवशी तांड्यावरची शेवंताबाई होती. दोन दिवसांपूर्वी तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. कुशीवर वळता येत नव्हतं, पण बोलायला तयार. ती पोरगी तिच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसली. आधी नाव, गाव, वय. मग मोठा प्रश्न आला.

“काकू, या हॉस्पिटलमधल्या डिलिव्हरी सेवेला तुम्ही पाचपैकी किती द्याल?”

“काय?”

“म्हणजे पाचपैकी किती? एक, दोन, तीन...”

“चार!” शेवंताबाईनं चार बोटं दाखवली.

“अरे वा, चार! का बरं चार? पाच का नाही?”

शेवंताबाई कपाळावर हात मारून हसायला लागली. हसता हसता टाके दुखले म्हणून पोट धरलं. “अगं माय, चारी लेकरं हितंच झाले माझे! आता पाचवं नको, म्हणून तर ऑपरेशन केलं!”

त्या पोरीनं चार हा आकडा टॅबमध्ये टाकून दिला होता. पुढं रिपोर्ट आला. आमच्या दवाखान्यात सगळ्यात चांगला विभाग कोणता निघाला असेल?

सरांनी त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय.

*

बोर्डाचं सांगते. हा छोटाच आहे.

दवाखान्याच्या फाटकावरचा बोर्ड जुना होता, गंजलेला. वरून पत्र आलं, बोर्ड रंगवून घ्या. पेंटर आला. त्यानं आधी सगळा बोर्ड पांढरा करून टाकला. दुसऱ्या दिवशी अक्षरं काढणार, तर दुसरं पत्र आलं. थांबा. संस्थेचं नाव नक्की झालं की ते टाकून एकदमच रंगवा.

पेंटर डबे उचलून गेला. बोर्ड पांढराच राहिला.

एक महिना, दोन महिने. एसटीतून येणारे नवखे पेशंट फाटकाशी यायचे, पांढरा बोर्ड बघायचे, बंद पडला वाटतं म्हणून परत फिरायचे. ओपीडी निम्म्यावर आली. सरांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे.

शेवटी पतंगे भाऊ स्टुलावर चढले आणि कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलं, “दवाखाना चालू आहे.”

पुढच्या आठवड्यात संस्थेचे लोक जागा बघायला आले. गाडीतून उतरले ते बोर्डाकडं बघतच उभे राहिले. त्यातले एकजण सरांना म्हणाले, “टॅगलाइन छान आहे. कुणी केली?”

*

खासगी म्हटलं की सगळंच वाईट, असं म्हणायला मी बसले नाही. रक्त तपासणी आता कंपनीकडं गेली. आधी आमचा लॅबवाला सुट्टीवर गेला की मशीनही सुट्टीवर. आता कंपनीची प्राजक्ता रोज येते, रक्त घेते, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट थेट पेशंटच्या मोबाइलवर. सोय झाली, नाही कशी म्हणू?

कनेरगाव नाक्याच्या बाजूच्या सीताबाई आजी. साठी कधीच ओलांडलेली, घरात एकट्या. पोरगा पुण्यात कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. आजीकडं मोबाइल नाही, म्हणून फॉर्मवर पोराचा नंबर टाकला. त्याचा फोन आलाच तर शेजारच्यांकडं येतो. शुगर वाढलेली निघाली. रिपोर्ट पुण्याला पोराच्या मोबाइलवर गेला.

आठ दिवसांनी आजी आल्या, नवं लुगडं नेसून. मला वाटलं कुठं लग्नाला चालल्या.

“सिस्टर, पोराचा फोन आलता!”

“हो का? काय म्हणाला?”

“रागं भरला! म्हणे माय, तुझी शुगर वाढली, गोड काहून खाऊन राहिली? चांगला वेळ बोलला. लेकराला बी बोलायला लावलं.” आजींच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. “चैतात बोलला व्हता, तवापासून आवाज न्हवता ऐकला.”

मी म्हटलं, बरं झालं आजी. गोड बंद करा आता, गोळ्या घ्या.

त्या हलेनात. इकडं तिकडं बघितलं आणि प्राजक्ताच्या टेबलापुढं जाऊन बसल्या. पदर सावरून हात पुढं केला.

“काढ माय रक्त.”

प्राजक्तानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “आजी, तुमचं मागच्या आठवड्यातच झालंय. आता तीन महिन्यांनी. त्याआधी सिस्टीम घेत नाही.”

“न्हाई घेत?”

“नाही ना आजी.”

आजींनी थोडा विचार केला. पुढं केलेला हात मागं घेतला.

“त्ये उजव्याचं व्हतं. आता डाव्याचं काढ.”

*

आता माझाच सांगते, नाहीतर म्हणाल सिस्टर दुसऱ्यांचेच सांगते.

खासगीकरणाच्या विरोधात आमच्या संघटनेनं काळ्या फिती लावून काम करायचं ठरवलं. आठवडाभर. सगळ्यांनी लावल्या. मोठ्या सरांनीही लावली. सर म्हणजे आमचे अधीक्षक, तेच आमचे एकुलते एक डॉक्टर. त्यांना अधिकारी म्हणून लावता येत नव्हती, पण माणूस म्हणून लावली म्हणाले. फाटकापुढं रोज सकाळी दहा मिनिटं घोषणा. सरकारी आरोग्यसेवा वाचलीच पाहिजे! माझा आवाज मोठा, म्हणून घोषणा मीच द्यायची.

बुधवारी सकाळी सासूबाई अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी ड्युटीवर. आमच्याकडं हाडाचा डॉक्टर नाही, कधीच नव्हता. नवऱ्यानं गाडी केली, मला दवाखान्याच्या फाटकातून उचललं आणि सरळ नांदेड. प्रायव्हेट. कुठं म्हणून विचारलंसुद्धा नाही आम्ही एकमेकांना. जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल रस्त्यात लागलं, त्यावरून गाडी पुढं गेली. मी खिडकीबाहेर बघत होते, पण त्या बाजूला नाही.

सासूबाईंना आत नेलं. मी बाहेर बाकावर टेकले. डोळे मिटले. उघडले तर समोरच्या बाकावर मोठे सर.

“सर, तुम्ही?”

“वडिलांना आणलंय. लघवी अडकली.” सरांचा चेहरा शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा. “तुम्ही?”

“सासूबाईंचा खुबा.”

“बरं, बरं.”

माझ्या मनात आलं, सर अर्जित रजा टाकून आले असतील का? त्यांच्या मनात आलं असणार, ही घोषणा देणारी बाई! आणि आत माझी सासू विव्हळत होती, तो आवाज ऐकून पुन्हा वाटायचं, काय चुकलं माझं? आपल्या माणसाला वेदना होत असताना कोण तत्त्व बघतं? पण आमच्याकडं रोज येणाऱ्यांचंही ते आपलंच माणूस असतं ना. त्यांना आम्ही चिठ्ठी लिहून पुढं पाठवतो आणि ते एसटी शोधत बसतात.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, परभणीकडचे. ते बराच वेळ एकदा माझ्याकडं, एकदा सरांकडं बघत होते. मग हळूच त्यांनी सरांच्या खिशाकडं बोट केलं. आम्ही दोघंही फीत काढायला विसरलो होतो.

“कोनी वारलं का सायेब?”

सरांनी फितीवरून हात फिरवला.

“अजून नाही,” म्हणाले.

*

शेवटी सुनावणी झाली. जनतेचं मत ऐकून घ्यायचं म्हणून. दवाखान्याच्या व्हरांड्याला लागूनच मंडप घातला, खुर्च्या मांडल्या. सोयाबीनची काढणी नुकतीच उरकली होती, त्यामुळं लोक बरेच आले. वरून आलेले साहेब मधोमध बसले. त्यांच्या बाजूला मोठे सर. मी सरांच्या मागं उभी, भिंतीला लागून, कारण कुणाला चक्कर आली तर सिस्टर जवळ हवी.

साहेब चांगले होते. आवाज न चढवता त्यांनी दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. मग म्हणाले, “ज्यांना वाटतं संस्थेला चालवायला द्यावा, त्यांनी हात वर करा.”

सगळ्यांनी हात वर केले.

“बरं. ज्यांना वाटतं सरकारकडंच राहावा, त्यांनी हात वर करा.”

पुन्हा सगळ्यांनी हात वर केले!

साहेब हसले. लोकही हसले. एकजण मागून ओरडला, “सायेब, कोनाचा बी ऱ्हाऊ द्या, पन ऱ्हाऊ द्या!” टाळ्या पडल्या. मीही हसले. खूप दिवसांनी हसले असेन.

तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून किसनराव उठले आणि माझं हसू गेलं.

किसनराव कोण, ते सांगायला पाहिजे. साधा शेतकरी माणूस. तीन वर्षांमागं एका दुपारी त्यांनी बायकोला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं, मागून पुतण्यानं धरलेलं. पार्वतीबाई. सोयाबीन खुरपताना पायाला साप चावला होता. बाई शुद्धीवर होती. मला म्हणाली, “सिस्टर, डोळे मिटून राहिले हो माझे, उघडे ऱ्हात नाहीत.” सर्पदंशाची लस आमच्या फ्रीजमध्ये होती. ती द्यायला डॉक्टर समोर लागतो. तेव्हाही डॉक्टर म्हणजे सरच, आणि ते त्या दुपारी नव्हते. मी सलाईन लावलं, पाय हलू दिला नाही, जितके नंबर माहीत होते तितके फिरवले. शेवटी ॲम्ब्युलन्स आली आणि तिला हिंगोलीकडं घेऊन निघाली. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत पळत गेले. हात सोडवत नव्हती ती.

रस्त्यातच गेली.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी किसनराव येतात. कधी भांडले नाहीत, कधी आवाज चढवला नाही. टोपी हातात घेऊन टेबलापाशी उभे राहतात आणि विचारतात, “सिस्टर, त्या दिवशी डॉक्टर काहून नव्हता?”

पहिल्यांदा मी म्हटलं, अर्ज द्या. त्यांनी दिला. मग म्हटलं, अर्ज वर पाठवलाय. मग म्हटलं, चौकशी चालू आहे. प्रत्येक वेळी ते “बरं” म्हणतात आणि जातात. एकदा हिवाळ्यात आले तर ओल्या हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंडी घेऊन आले. टेबलावर ठेवली, म्हणाले, “लेकरायला न्या.” ती पेंडी मी घरी नेली नाही. वॉर्डात वाटून टाकली.

डॉक्टर त्या दिवशी का नव्हते, हे मला माहीत आहे. सरांना तर माहीतच आहे. लिहून मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

तर किसनराव उठले. टोपी हातात. मंडपात सगळे त्यांना ओळखतात, त्यामुळं आपोआप शांत झालं. साहेबांनी हातानं खूण केली, बोला.

“सायेब, माझी बायको हितं गेली. म्हंजे रस्त्यात गेली, पन हितूनच गेली.”

“हो का... वाईट झालं,” साहेब म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना, आवाजावरून कळलं. “म्हणजे तुमचं मत, दवाखाना संस्थेला द्यावा असं आहे?”

“न्हाई.”

“मग सरकारकडंच राहावा?”

“न्हाई सायेब. मला त्यातलं कळत न्हाई. ज्यांना कळतंय त्यांनी ठरवावं.” किसनरावांनी टोपीची घडी घातली, परत उलगडली. “मी तीन वर्सं झाले येक गोष्ट इचारून राहिलो. त्या दिवशी डॉक्टर काहून नव्हता? मला भांडायचं न्हाई. ती काय आता येत न्हाई. फकस्त कळावं म्हणतो. पोरगी मोठी होऊन राहिली, ती मला इचारती.”

मंडपात कुणीतरी खोकलं.

“आता तुमी दवाखाना दुसऱ्याला देऊन राहिले. नवे लोक येतील. त्यायला इचारलं तर म्हनतील, आमी तवा नव्हतो, आमच्या आधीचं हाये. तुमाला इचारलं तर म्हनसान, आता आमच्याकडं न्हाई, दवाखाना दिला आमी. दोघायचं बी बराबर राहील.” त्यांनी मान वर करून साहेबांकडं बघितलं. “मंग मी कोनाला इचारू?”

साहेबांनी समोरचा कागद हातात घेतला, परत ठेवला. मग त्यांनी बाजूला वळून मोठ्या सरांकडं पाहिलं.

मोठ्या सरांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

माझ्या मागं भिंत होती.